कंडेन्सर बदलताय? ड्रायरही बदला

गाडीच्या एसीत गॅस भरला आणि महिन्याभरात पुन्हा गरम हवा, असं होत असेल तर कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरसमोरची गॅस थंड करणारी जाळी, नीट बघा. जाळीवर धूळ चिकटलेला तेलकट काळा डाग दिसला, तर गळती बहुधा तिथेच. जुन्या मॉडेलचा कंडेन्सर पुण्यात नाना पेठेत शोधता येतो. जुना सोबत न्या, पाइपची तोंडं आणि ब्रॅकेट जुळवूनच घ्या. गाडीतले उघडे पाइप तोवर प्लास्टिकने घट्ट बांधून ठेवा.

ड्रायर आणि पाइपच्या जोडातल्या रबरी ओ-रिंगही नवीनच हव्यात, यात काटकसर नको. ड्रायरमधले दाणे ओल शोषतात. सिस्टिम उघडी राहिली, त्यातही पावसाळ्यात, की ते लवकर निकामी होतात. आत राहिलेल्या ओलीने ॲसिड बनतं आणि कॉम्प्रेसर जातो. ओ-रिंग कोरडी बसवू नका, कॉम्प्रेसरचंच तेल लावा.

मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं. मेकॅनिक घाई करत असेल तर स्पष्ट सांगा, पंप बंद करून गेजचा काटा हलत नाही ना ते स्वतः बघा. गॅस अंदाजाने नाही, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे, वजनावरच भरून घ्या.