काळी वायर, तीनची वेळ आणि परदेशातला 'दादा'

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला हायड्रॉलिक पॉवर पॅक (तेलाच्या दाबावर यंत्रं चालवणारा मोटर-पंपाचा संच) केनिया-टांझानिया-इथिओपियाकडे गेला, की मागोमाग तो बसवायला फिटरही जातो. तिथलं परकं फारसं अडवत नाही. ओळखीचं दिसतं, तेच फसवतं.

आधी कागदपत्रं. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्या. प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यायला हवी, नाहीतर लसीचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, ग्राह्य धरत नाहीत. केनिया किंवा इथिओपियाहून परतताना ते जवळ नसेल, तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हत्यारांची यादी सिरीयल नंबरसह लेटरहेडवर घ्या, तीन प्रती. पाने, मीटर, गेज चेक-इन बॅगेत जातात, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, ती चालते. १०० च्या वर गेलात की विमान कंपनीची परवानगी लागते.

केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगला बंदी आहे, टांझानियात २०१९ पासून. शेंगाचटणी डब्यात भरा आणि डबा कापडी पिशवीत. गोडाचं न्यायचं तर कुंद्यापेक्षा गोकाकचा करदंट बरा, तो टिकतो.

आता वायर. आपल्याकडे लाल-पिवळी-निळी फेज आणि काळी न्यूट्रल. तिकडच्या बऱ्याच नव्या वायरिंगला तपकिरी-काळी-करडी फेज आणि निळी न्यूट्रल असते. म्हणजे आपली न्यूट्रल तिथे जिवंत आणि आपली फेज तिथे न्यूट्रल. सवयीनं काळी वायर पॅनलच्या न्यूट्रलला जोडलीत, तर कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) २४० व्होल्टच्या कॉइलवर ४१५ बसतात आणि कॉइल धूर सोडते. जुन्या शेडमध्ये आपलेच रंग सापडतात आणि एकाच पॅनलमध्ये दोन्ही पद्धती असतील, तर देवच वाली. म्हणून रंग बघायचाच नाही, मीटर लावायचा: फेज-फेज ४०० ते ४१५, फेज-न्यूट्रल २३० ते २४०, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य.

मग फिरण्याची दिशा. टाकीत तेल भरा, सक्शनचा व्हॉल्व्ह उघडा, स्टार्ट दाबून लगेच स्टॉप करा आणि मोटरच्या फॅनकडे बघा. मोटरवरच्या बाणाच्या उलट फिरला तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. एका दिशेचा गिअर पंप उलटा चालला, तर दाब शाफ्ट सीलवर येतो आणि सील बाहेर पडतं. तिथे ते सील लगेच मिळेलच असं नाही, त्यामुळे सील किटचे दोन संच आणि डावटी वॉशरची (रबराची कड असलेल्या, तेलगळती थांबवणाऱ्या वॉशरची) पुडी सोबत हवीच.

वेळेचं तर विचारूच नका. इथिओपियात दिवस सकाळी सहाला सुरू होतो, म्हणून त्यांचे 'तीन' म्हणजे आपले सकाळचे नऊ. केनिया-टांझानियात बोलल्या जाणाऱ्या स्वाहिलीतही वेळ अशीच मोजतात. क्रेनवाला तीनला येतो म्हणाला, तर 'सकाळी नऊ ना?' असं विचारून घ्या, नाहीतर क्रेन येऊन परत जाते. इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं आणि आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, त्यामुळे गेटपासवरची तारीख बघून दचकू नका.

नात्यांत तर जिभेवर ताबाच हवा. स्वाहिलीत 'बाबा' म्हणजे वडील, एवढंच जुळतं. 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण! ट्रॅफिक पोलिसाला 'ओ मामा' म्हणायची सवय बेळगावातच ठेवून जा. कारागिराला 'फुंदी' म्हणा, त्यात मानही आहे.

शाकाहाऱ्यांनी इथिओपियात बुधवार-शुक्रवारी 'त्सोम' म्हणजे उपवासाचं मागावं. त्यात मांस, अंडं, दूध, तूप काहीच नसतं. पानावर इंजेरा येतो, तेफ या तिथल्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी आंबोळीच. शिरा समजून 'शिरो' मागवलात, तर पिठलं येईल, तिखट आणि झकास. खोलीवर भात लावणार असाल तर कुकर न्या: आदिस अबाबा २,३०० मीटरच्या वर आहे, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात शीत कच्चं राहतं.