टॉकीजच्या जुन्या पाट्या आणि निऑनचे फोटो काढायचेत? मग अंधार पडायच्या आत पोचा

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकतो, कारण मी ती चांगली दोन वर्षं केलीये. निऑन म्हणजे रात्रीचं काम असं डोक्यात बसलेलं, त्यामुळे आरामात जेवूनबिवून नऊ-साडेनऊला मुंबईच्या रीगल टॉकीजसमोर जाऊन उभा राहायचो, पंचवीस-तीस फोटो काढायचो आणि घरी येऊन बघावं तर काळंकुट्ट आकाश, त्यात पांढरी फटक जळलेली अक्षरं, आणि १९३३ सालची ती एवढी देखणी बिल्डिंग कुठे गेली पत्ताच नाही. पाटी हवेत लटकल्यासारखी. कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, लेन्स बदलली, काही फरक नाही. चूक फक्त घड्याळाची होती.

पाटीचा उजेड आणि आकाशाचा उजेड साधारण सारखा असतो तेव्हाच फोटो काढायचा, आणि हे दिवसातून एकदाच, सूर्य मावळल्यावर पंधरा ते पंचवीस मिनिटांच्या मधे होतं. मुंबईत संधिप्रकाश पटकन संपतो, युरोपातल्या व्हिडिओत बघून तासभर मिळेल असं धरून जाऊ नका. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जून-जुलैत सव्वासातच्या पुढे, त्यामुळे निघायच्या आधी त्या दिवसाची वेळ बघा आणि अर्धा तास आधी पोचा. एसी लोकलने जाणार असाल तर अजून थोडं लवकर, कारण गार डब्यातून दमट हवेत उतरलं की लेन्सवर जे धुकं धरतं ते दहा-पंधरा मिनिटं हटत नाही, पुसलं तरी परत येतं. मी आता कॅमेरा बॅगेतच बंद ठेवतो, चहा पितो आणि मगच काढतो.

एका संध्याकाळी एकच टॉकीज, फार तर दोन. चर्चगेट स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर इरॉस (१९३८, खाली लाल दगड आणि वर क्रीम रंग), धोबीतलावला मेट्रो टॉकीज, ते पण १९३८ चंच, तिथून चालत पाच-सात मिनिटांवर लिबर्टी (१९४९), आणि कुलाब्याच्या तोंडाशी रीगल. मेट्रो-लिबर्टी एका संध्याकाळी जमतं, इरॉस आणि रीगल वेगवेगळे ठेवा. इरॉस आणि रीगल दोन्ही २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींमधले आहेत, तरी समोर गर्दी असते ती बहुतेक बस पकडणाऱ्यांचीच.

पहिली चक्कर दिवसा मारा, कॅमेरा नसला तरी चालेल. पाटी बंद असताना ती कशाची आहे ते कळतं. खरं निऑन म्हणजे आचेवर हाताने वाकवलेली काचेची नळी. दोन अक्षरांच्या मधला जो नळीचा तुकडा दिसायला नको तो काळ्या रंगाने रंगवलेला असतो, टोकांना जाड वायर जाते, नळी छोट्या काचेच्या टेकूंवर उभी असते, आणि पेटल्यावर जवळ गेलं तर ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुण ऐकू येते. हल्ली निऑन म्हणून जे खपवतात ते बहुतेक एलईडीची रबरी पट्टी असते, नीट बघितलं की आत ठिपके दिसतात. त्याचा फोटो काढू नये असं नाही, पण काय काढतोय ते माहीत असावं, सेटिंगही बदलतं. आणखी एक, निऑन वायूचा स्वतःचा रंग फक्त लाल-नारिंगी. निळी नळी म्हणजे आत आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ, बाकीचे रंग काचेच्या आतल्या पावडरचे नाहीतर काचच रंगीत असते. सगळ्याला निऑन म्हणतो आपण, असो.

दिवसाच्या चक्करीत वॉचमनशी बोलून घ्या. पाटी किती वाजता लावतात, रोज लावतात का फक्त शनिवार-रविवार, हे नेटवर कुठेच मिळत नाही, त्यालाच माहीत असतं. मी एकदा लांबून प्रवास करून गेलो आणि पाटी त्या महिन्यात बंदच होती, विचारलं असतं तर वाचलो असतो. ट्रायपॉड लावणार असाल तेही आधीच सांगा. फुटपाथवर तीन पायांचं काही उभं केलं की कोणीतरी येऊन शूटिंगची परमिशन विचारतंच, हातात कॅमेरा असेल तर सहसा कोणी बघत पण नाही. मी छोटा वाकडातिकडा होणारा ट्रायपॉड रेलिंगला गुंडाळतो, नाहीतर दुभाजकाच्या कठड्यावर रुमालाची घडी ठेवून त्यावर कॅमेरा आणि दोन सेकंदांचा टायमर.

आता सेटिंग. सुरुवात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), शटर एक सेकंद इथून करा आणि मग वर-खाली. एक्सपोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, बिल्डिंगवर नाही, पेटलेल्या नळीवर ठरवायचं. स्क्रीनवर फोटो जरा काळपट वाटेल, वाटू दे, सावल्या नंतर उचलता येतात, पण जळून पांढरी झालेली नळी कोणत्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. आणि इथे एक गोम आहे जी मला फार उशिरा कळली: लाल निऑनमधे लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) एकटाच आधी फुटतो, म्हणजे जळतो, साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघितला तर सगळं ठीकठाक दिसतं. लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम लावा, लाल उजव्या भिंतीला आपटत असेल तर अजून एक स्टॉप खाली या, म्हणजे उजेड निम्मा करा. रॉ मधेच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधेच काढा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा शहाणपणा करून तो नारिंगी लाल फिका करतो, म्हणून मी ४००० केल्विनच्या आसपास लॉक करतो, आकाशपण छान निळं येतं.

हातात धरून काढताना आयएसओ वाढवून शटर १/२५० वगैरे नेलंत तर काही फ्रेममधे पाटी अर्धवट विझलेली किंवा पट्टे आलेली दिसेल. कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्रान्सफॉर्मरवरची नळी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण शटरला कळतं. १/५० किंवा त्याहून हळू ठेवा. व्हिडिओलाही तेच, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. एकामागून एक पेटणारी अक्षरं असतील तर ट्रायपॉडवरून न हलता वीस-पंचवीस फ्रेम घ्या आणि घरी एडिटिंगच्या लाइटन मोडमधे (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ असेल तेच ठेवणारा) एकावर एक रचा, सगळी अक्षरं एकदम पेटलेली मिळतात. पण एखादं अक्षर खरंच गेलेलं असेल तर प्लीज ते एडिट करून पेटवू नका. तेच तर खरं आहे त्या पाटीचं.

रात्री यूव्ही फिल्टर (लेन्सवर लावायची साधी काच) काढून ठेवा, नाहीतर आकाशात अक्षरांचं उलटं भूत येतं, काही केल्या जात नाही.

मोबाइलवाल्यांनी पेटलेल्या अक्षरावर बोट दाबून धरा, लॉक झालं की बोट खाली ओढून उजेड कमी करा, बास, निम्मं काम झालं. नाइट मोड बंद, तो सगळं उजळवून दिवस करून टाकतो. अल्ट्रावाइड पण नको, त्यात टॉकीज मागे कलंडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा लांब जा आणि २एक्स वापरा. रीगलसमोर चौक मोकळा आहे म्हणून लांब जाता येतं, लिबर्टीच्या रस्त्याला तेवढी जागा नाही, तिथे मी पूर्ण टॉकीज घ्यायचा नाद सोडून फक्त उभी अक्षरं आणि त्यामागची उभी नक्षी घेतो आणि मला तेच जास्त आवडतं. समोरच्या इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कोणी घेतलं तर सोनंच, रेषा सरळ येतात आणि वायरींचं जंजाळपण थोडं खाली जातं.

वायरी, झाडं, आणि कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, हे तीन कायम मधे येणार. फ्लेक्स आठवड्याने उतरतो, तेव्हा परत जा. वायरी मी काढत नाही.

पावसाळ्यात मात्र नक्की जा, पाऊस थांबल्या थांबल्या. खड्डे आपल्याकडे भरपूर, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणून डबक्यात पाटीचं प्रतिबिंब घ्या, फोकस पाण्यावर नाही, प्रतिबिंबावर. रहदारी असेल तर तीन-चार सेकंदांचं शटर, गाड्यांचे लाल-पिवळे पट्टे येतात. डिझेलची डबलडेकर आणि पद्मिनी टॅक्सी २०२३ मधे गेल्या, त्या फ्रेमसाठी मी अजून हळहळतो, माझ्याकडे दोन्हीचा एकत्र रीगलसमोरचा एकच फोटो आहे आणि तो हललेला.

फक्त चमचमच काढू नका. तिकीट खिडकीवरचे स्टॉल-बाल्कनीचे दर, हाऊसफुल्लचा बोर्ड, कपाटातले शोकार्ड (सिनेमातल्या दृश्यांचे फोटो), मराठा मंदिरला गेलात तर १९९५ पासून मॅटिनीला चालणाऱ्या त्या एकाच सिनेमाचं, 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चं, पोस्टर, हे सगळं दिवसाच्या उजेडात जवळून घ्या. आणि ज्या वॉचमनने पाटीची वेळ सांगितली त्याला पुढच्या वेळी एक प्रिंट नेऊन द्या. माझ्या वॉचमनने प्रिंट बघून पहिलं काय विचारलं असेल तर, ह्यात मी कुठे आहे. आता दर वेळी आधी त्याचा फोटो, मग पाटीचा.