आगोट भरताना राणीच्या इन्सुलिनचीही सोय

मे संपत आला की आमच्या देवगडकडे घरोघर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, घाई. सुकी मासळी, लाकडं, कुळीथ, उकडे तांदूळ, खळ्यावरचा मांडव उतरवणं. आमच्या घरात तीन वर्षांपासून या सगळ्यात राणीचं सामानही भरावं लागतं. राणी आमची कुत्री, वय नऊ, वजन १५ किलो, मधुमेही. आजार कळला तो पडवीत. रात्री दोन-दोनदा मुतायला लागली आणि सकाळी त्या जागी मुंग्यांची रांग. वचावचा खायची, तरी बरगड्या मोजता यायच्या. शेजारच्या काकींनी विचारलं, "कुत्र्याक पण शुगर होता?" त्यांना सांगितलं की १९२१ साली टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतूनच. काकी म्हणाल्या, "मगे तेंचो हक्क पयलो."

कुत्र्याच्या मधुमेहात गोळ्यांचा फारसा उपयोग नाही, इन्सुलिनच लागतं. साधारण बारा तासांच्या अंतराने दोनदा, तेही खाणं झाल्यावर. आमच्याकडे सकाळी सात, संध्याकाळी सात. सुई टोचणं आठवड्यात जमतं. कठीण आहे ते रोज सातला घरात असणं. म्हणून पावसाआधी पहिलं काम माणूस तयार करायचं. पूल पाण्याखाली गेला, आपण पलीकडे अडकलो, तर सुई देणार कोण? काकींच्या मुलाला आम्ही नुसत्या पाण्याने सिरिंज भरायला शिकवलं, मग कातडी चिमटीत धरून बगलेकडे कशी द्यायची, रोज जागा कशी बदलायची ते दाखवलं. एक गोष्ट त्याच्याकडून पाठच करून घेतली: सुई नीट गेली की बाहेर सांडली, अशी शंका आली तर पुन्हा द्यायची नाही. एक डोस चुकणं परवडतं, दुप्पट गेलेला जिवावर बेततो. राणीने खाल्लं नाही किंवा ओकली तर किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घेतलंय. तो कागद फ्रिजच्या दारावर आहे.

सिरिंज घेताना दुकानात घाई करू नका. मिलीमागे ४० युनिट असलेल्या बाटलीला ४० चीच सिरिंज, लाल टोपणाची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलंत तर अडीचपट औषध जाईल. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा दुकानातच जुळवून घ्यायचा. पावसाळ्यात तालुक्याला फेरी होईलच असं नाही, म्हणून दोन महिन्यांचा साठा, आणि एक बाटली जास्तीची. फुटते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नाहीत.

आता लाइट. निसर्ग वादळानंतर, २०२० साली, उत्तरेकडे दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. लाइट गेली की फ्रिज उघडायचा नाही, ही पहिली शिस्त. पुढचा सल्ला सगळे देतात तो माठाचा: ओल्या वाळूत छोटं मडकं, त्यात बाटली. घाटावर, कोरड्या हवेत, हा उपाय उत्तम. आमच्या जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथे मडक्याचं पाणी काय उडणार आणि गारवा कुठून येणार? मडकं आम्ही मे महिन्यापुरतं ठेवतो, पावसात थर्मास. बर्फ बाटलीला टेकू द्यायचा नाही, मध्ये फडक्याची घडी हवी. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बंदरावर बर्फ मिळेलच या भरवशावर राहू नका.

साखर एकदम उतरली तर काय, याची तयारी वेगळी. राणी झिंगल्यासारखी चालते, थरथरते, हाक मारली तरी बघत नाही. अशा वेळी ग्लुकोजची पूड नाहीतर मध हिरड्यांना चोळायचा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतायचं नाही. शुद्धीवर आली की खायला द्यायचं आणि लगेच डॉक्टरांना फोन. घरात मध नसेल तर काकवी चालते. आमची काकवीची बाटली चुलीजवळच्या फळीवर आहे आणि चहासाठी तिला कोणी हात लावायचा नाही. उलट प्रकार म्हणजे साखर चढत जाऊन उलट्या, मलूलपणा, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास. तिथे घरगुती काहीही करू नका, गाडी काढा. घाटात दरड आहे का, हे निघण्याआधी विचारा.

खाण्याचं थोडक्यात: रोज तेच, तेवढंच, त्याच वेळी. नारळाचं सार, तळलेल्या मासळीचे काटे बंद, कारण चरबीने स्वादुपिंड सुजतं. मे महिन्यात परसात रायवळ आंबे पडतात आणि राणी ते कोयीसकट गिळते, म्हणून पहाटे आधी आंबे वेचायचे, मग तिला सोडायचं. गणपतीत खरा धोका मुंबईकरांचा. मोदक देऊ नका म्हटलं तर कोणीतरी प्रेमाने शुगर-फ्री काहीतरी देतं. त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोडवा, असलं तर ते कुत्र्याला विष आहे. बेदाणेही तसेच.

तुमची कुत्री माजावर येणारी असेल तर तिचं ऑपरेशन डॉक्टरांना विचारून पावसाआधीच उरका. माजानंतरच्या संप्रेरकांनी इन्सुलिन लागू पडेनासं होतं. आमचा पहिला पावसाळा त्यातच गेला. रोजच्या वहीत वेळ, युनिट, खाणं आणि पाणी. पाणी मापाच्या तांब्याने द्या. किलोमागे १०० मिलीच्या वर रोज जायला लागलं की डॉक्टरांना कळवा.

शेवटचं काम विहिरीचं. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना वर्ष-सव्वा वर्षात मोतीबिंदू होतो. राणीचा उजवा डोळा गेलाच, डावाही पांढुरका झालाय. आमच्या विहिरीचा कठडा गुडघाभर. काल त्यावर जुनं जाळं ताणून बांधलं, खाट आणि पाण्याचं भांडं जिथल्या तिथे ठेवलं. उरली सिरिंजची दुसरी पेटी, ती शनिवारी बाजाराला गेलं की.