घरचा संगणक खरोखर स्वच्छ आहे का? तपासणीला बसण्यापूर्वीची तयारी

ज्या संगणकावरून पीकविम्याचा अर्ज भरला जातो, मुलांच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे महाडीबीटीवर चढवली जातात आणि बँकेचे खातेही उघडले जाते, तो स्वच्छ आहे की नाही हे अंदाजाने ठरवून चालत नाही. अँटिव्हायरसने हिरवी खूण दाखवली, तर त्याला काही सापडले नाही एवढेच त्यातून कळते. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम तत्त्वतःच शक्य नसल्याचे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून एका खुणेवर न विसंबता वेगवेगळ्या बाजूंनी पाहावे लागते, आणि त्यासाठी काही गोष्टी आधीच हाताशी असाव्या लागतात.

दोन पेन ड्राइव्ह घ्यावेत. पहिला किमान आठ जीबीचा आणि रिकामा असावा. त्यावर विंडोज नव्याने बसवण्याची सामग्री घ्यायची असते, आणि ती संशयित संगणकावर नव्हे, तर दुसऱ्या भरवशाच्या संगणकावर तयार करावी. ही सामग्री काही जीबींची असल्याने मोबाइलच्या रोजच्या डेटात ती उतरत नाही. तालुक्याला ज्यांच्या घरी वायफाय आहे अशा नातेवाइकांकडे एक संध्याकाळ काढलेली बरी. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर सातबारा, गुणपत्रिका, फोटो यांच्या प्रती ठेवाव्यात, मात्र कोणताही प्रोग्राम किंवा सेटअप त्यावर घेऊ नये. लॅपटॉप अलीकडचा असेल तर त्याची डिस्क कुलूपबंद असण्याची शक्यता असते, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की (लांब अंकी क्रमांक) पाहून ती वहीत उतरवून घ्यावी. शेवटची गोष्ट विजेची: पूर्ण स्कॅनला काही तास लागू शकतात, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लाइन टिकण्याची खात्री असलेली वेळ निवडावी.

लक्षणांवरून निष्कर्ष काढताना आपल्या भागात एक फसगत ठरलेली आहे. भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवलेला असतो, त्याची रुई पंख्याच्या जाळीत जाऊन बसते, आणि एप्रिल-मे महिन्यांत प्रोसेसर तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. तेव्हा संगणक मंद झाला आणि पंखा घरघरू लागला एवढ्यावरून व्हायरस ठरवू नये. आधी जाळी साफ करावी. त्यानंतरही काहीच उघडलेले नसताना पंखा जोरात फिरत असेल, तर कोणता प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतो हे आकड्यांत दाखवणारा विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून पाहावे. चोरून आभासी चलन खणणारे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात. म्हणून तो उघडल्याबरोबर पंखा शांत होणे आणि बंद केल्यावर पुन्हा सुरू होणे, ही आकड्यांपेक्षा बोलकी खूण समजावी.

प्रत्यक्ष तपासणीत सर्वांत आधी विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या सेटिंगमधील, स्कॅनमधून वगळलेल्या फोल्डरांची यादी पाहावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. पायरेटेड विंडोज चालू करून देणारी साधने अँटिव्हायरस बंद करायला सांगतात किंवा स्वतःचे फोल्डर, कधी अख्खी सी ड्राइव्हच, या यादीत टाकून ठेवतात. मग स्कॅन कितीही वेळा केले तरी ते फोल्डर तपासलेच जात नाही. यादी रिकामी करून, व्हायरसची नवी माहिती उतरवून घेऊन डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवावे. त्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि नेहमीचे विंडोज जागे होण्याआधीच सुमारे पंधरा मिनिटे तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्याला लपायला जागा कमी उरते. दुसरे मत घ्यायचे असेल तर भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने सुचवलेली मोफत साधने वापरता येतात. मात्र कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत.

यानंतर मायक्रोसॉफ्टचेच ऑटोरन्स हे साधन चालवून, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवाव्यात आणि संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे जे उरते त्याची एकेक ओळ वाचावी. निर्मात्याची डिजिटल सही नसलेली, टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमधून चालणारी किंवा अर्थहीन नावाची नोंद दिसली की ती फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तपासावी. तिथे एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांकडून पाहिली जाते. आपली खासगी कागदपत्रे मात्र तिथे चढवू नयेत. ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन (जोडलेले छोटे प्रोग्राम), संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची दिलेली परवानगी आणि इंटरनेटची ये-जा मधल्या दुसऱ्या संगणकामार्फत वळवणारी प्रॉक्सीची सेटिंग पाहायला पाच मिनिटे पुरतात.

घरातले सगळे पेन ड्राइव्ह त्याच दिवशी तपासावेत, नाहीतर पुसलेले अंगण पुन्हा चिखलाच्या पायांनी भरते. अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानातून आणलेल्या आमच्या पेन ड्राइव्हवर सर्व फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते आणि कागदपत्रे गेली असे समजून घरात रडारड झाली. प्रत्यक्षात मूळ फोल्डर फक्त लपवलेले होते आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधील ॲट्रिब आज्ञेने परत दिसू लागले. अशा शॉर्टकटवर क्लिक करणे म्हणजे त्या व्हायरसला स्वतःच्या हाताने घरात घेणे होय.

काही सापडले असेल, पायरेटेड विंडोज असेल, किंवा संगणक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नियमित सुरक्षा अपडेट थांबलेल्या विंडोज १० वर असून विस्तारित अपडेटची नोंदणीही केलेली नसेल, तर झाडझूड करत न बसता डिस्क पूर्ण पुसून नवे विंडोज बसवावे. जुने यंत्र विंडोज ११ घेत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवावी किंवा त्यावरून बँकेचे काम बंद करावे. मदरबोर्डच्या चिपमध्ये राहून पुनर्स्थापनेनंतरही टिकणारा लोजॅक्ससारखा प्रकार २०१८ मध्ये उघड झाला खरा, पण तो निवडक संस्थांवर रोखलेला होता. घरच्या संगणकासाठी त्याची धास्ती घेऊ नये. बँक आणि ईमेल यांचे पासवर्ड मात्र विंडोज बसण्याची वाट न पाहता लगेच, दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून बदलावेत आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर बाकीचे सर्व बाजूला ठेवून प्रथम सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा.