काळ्या गाडीवरची जाळी आणि बोअरचे ठिपके

भुसावळकडे काळी गाडी घेणाऱ्याला लोक तसंही वेड्यात काढतात. आमच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसायला लागले, दारांवर पांढरे ठिपके.

ओरखड्यांचं कारण लगेच सापडलं. गाड्या पुसणारा पोरगा सगळ्या गाड्यांवर एकच कोरडं फडकं फिरवायचा. धूळ न धुता पुसली की तिचे बारीक कण पत्र्यावर घासत जातात. त्याला म्हटलं, "पगार तोच, पण बॉडीला हात लावू नको, काचाच पूस."

ठिपके बोअरच्या जड पाण्याचे. तापलेल्या पत्र्यावर पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. सावलीत, पत्रा गार असताना पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे करून ओलं फडकं मिनिटभर ठेवलं, मग लगेच भरपूर पाण्याने धुतलं. बरेच ठिपके गेले; रंगात मुरलेले राहिले.

गॅरेजवाला मशीनने कंपाउंड, म्हणजे रंग घासून चकचकीत करणारी पेस्ट, मारायला निघाला होता. नको म्हटलं. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), प्रत्येक रगडणीत तो झिजतो. हाताने बारीक पॉलिश केलं, जाळी बरीच फिकी झाली.

आता आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवतो, मग कार शाम्पू, छतापासून खाली. शाम्पूची बादली वेगळी, हातमोजा खंगाळायची वेगळी. भांड्यांचा साबण नाही, त्याने रंगावर लावलेलं मेण उतरतं. ऊन चढायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घेतो. शेजारचे काका आरओचं वाया जाणारं पाणी वापरायला सांगतात, पण त्यात क्षार उलट जास्त असतात.