जेवताना मित्रांसोबत वाइन चाखून तुलना कशी करावी

चार बाटल्या आणि सहा माणसं एका टेबलाशी बसली की वाइनची तुलना आपोआप होते, असा समज आहे. होत नाही. दुसरी बाटली येईपर्यंत गप्पा रंगतात, चौथी उघडेस्तोवर पहिलीची चव कुणालाच आठवत नाही, आणि शेवटी सगळ्यांत महाग बाटलीचं कौतुक करून लोक उठतात. खरी तुलना हवी असेल तर दोन अटी पाळाव्या लागतात. सगळे ग्लास एकाच वेळी समोर असले पाहिजेत, आणि कोणत्या ग्लासात काय आहे हे टेबलावरच्या एकालाही, अगदी यजमानालाही, माहीत नसलं पाहिजे.

वाइन तीनच घ्या. पाच-सहा घेतल्या की जीभ थकते आणि डोकंही. तिन्हींत एकच गोष्ट वेगळी ठेवा: द्राक्ष तेच, प्रदेश वेगळे, किंवा उत्पादक तोच, वर्षं वेगळी. सिराह हे लाल वाइनचं द्राक्ष उत्तम. फ्रान्समधल्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली, ऑस्ट्रेलियातल्या बारोसा खोऱ्यातली (तिथे तिला शिराझ म्हणतात) आणि तिसरी तुम्हाला सहज मिळेल ती. किंमत साधारण एका पातळीची असावी. एक लाल, एक पांढरी, एक गोड अशी मिसळ आणली तर तुलना कशाची करणार?

ग्लास चोवीस लागतील, माणशी चार. तीन वाइनला चार कशाला, ते पुढे येतं. सगळे एकाच आकाराचे हवेत. दांड्याचे भारी ग्लास बाराच असतील, तर ते कपाटातच राहू द्या आणि साधे काचेचे चोवीस पेले काढा. आकार बदलला की वास बदलतो, मग तुम्ही वाइनची नाही, ग्लासांची परीक्षा घेता. चाखण्यासाठी १९७७ साली ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ग्लासात सुमारे २१५ मिली मावतं आणि ओततात फक्त ५० मिली. उरलेली जागा वासासाठी. तेवढंच ओता. कपाटातले ग्लास हुंगून बघा. लाकडाचा, पुठ्ठ्याचा किंवा साबणाचा वास येत असेल तर गरम पाण्याने धुऊन उपडे न ठेवता सुकवा.

तापमान: लाल वाइन १५ ते १८ अंश, पांढरी ८ ते १२. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा सल्ला उबदार खोलीत सरळ चुकीचा ठरतो. खोली २८ अंशांवर असेल तर बाटली सुमारे दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. थंड वाइन जास्त तुरट लागते आणि तिचा वास दबतो, कोमट वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढतो. तिन्ही बाटल्या एकत्र आत जाव्यात आणि एकत्र बाहेर याव्यात.

आता झाकाझाक. बहुतेक बैठका इथेच फसतात. बाटलीला कागद गुंडाळला की काम झालं असं लोक धरून चालतात. पण बाटलीचे खांदे दिसतातच: फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या बाटलीचे चौकोनी, बर्गंडी प्रदेशाच्या बाटलीचे उतरते. गळ्यावर आटे दिसले की फिरकीचं झाकण होतं हे कळतं, आणि टेबलावर पडलेल्या बुचावर तर नावच छापलेलं असतं. शिवाय कागद गुंडाळणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. त्याच्या नुसत्या चेहऱ्यावरून बाकीचे उत्तर ओळखतात.

म्हणून बाटल्या टेबलावर आणूच नका. एकसारखे चार जग घ्या आणि दोन माणसांत काम वाटा. पहिला माणूस स्वयंपाकघरात बाटल्या उघडून प्रत्येक वाइनचा वास घेतो. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघराचा कुबट वास आला तर बुचामुळे ती बिघडली आहे. ती हवेने सुधारत नाही. बाजूला ठेवा आणि राखीव बाटली काढा. मग तो पहिली वाइन एका जगात, दुसरी दोन जगांत आणि तिसरी एका जगात ओततो. प्रत्येक जगात ३०० मिली, म्हणजे सहा जणांचे ५० मिली. जगाच्या बुडाला चिकटपट्टीवर खूण करतो आणि बाहेर जातो. आता दुसरा माणूस आत येतो, बुड न बघता जगांच्या जागा बदलतो, त्यांच्यावर १ ते ४ आकडे घालतो आणि जग टेबलावर आणतो. कशात काय आहे हे आता दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे दोघेही खेळात राहतात. फेसाळ वाइनला ही पद्धत चालत नाही, जगात ओतली की फेस मरतो. फार जुन्या, नाजूक वाइनलाही नको.

दोन जगांत गेलेली ती जुळी वाइन हा या सगळ्याचा कणा आहे. पाहुण्यांना तिच्याबद्दल आधी काही सांगू नका.

हे सगळं अति वाटत असेल तर बोर्दोमधला २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग लक्षात घ्या. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेला लाल रंग घालून दिली होती. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी ठरवलं की नाक मुकाट्याने मागे जातं, आणि लेबल तर रंगापेक्षाही मोठ्याने बोलतं.

प्रत्येकासमोर १ ते ४ आकड्यांची चार वर्तुळं काढलेला कागद ठेवा, त्यावर ग्लास मांडा आणि त्या त्या आकड्याच्या जगातून ओता. ज्याने त्याने वेगळ्या क्रमाने चाखायचं: कुणी १ पासून पुढे, कुणी ३ पासून, कुणी ४ पासून उलटं. लाल वाइनचा तुरटपणा तोंडात साठत जातो, त्यामुळे शेवटचा ग्लास विनाकारण कडक वाटतो. सगळ्यांनी एकच क्रम धरला तर एकाच वाइनवर सहा वेळा अन्याय होतो. मध्ये पाणी, साध्या पावाचा तुकडा आणि मिनिटभर थांबणं. चीज नको. चीज तुरटपणा आणि दोष दोन्ही झाकतं.

पहिली फेरी जेवणाआधी, पंधरा मिनिटं, पूर्ण शांततेत. ग्लास फिरवा, वास घ्या, घोट तोंडभर फिरवा. बोलणं नाही, 'हं' नाही, भुवया उंचावणं नाही. पहिला माणूस 'दोन नंबर झकास' म्हणाला की उरलेल्या पाच जणांना दोन नंबर झकास लागायला लागतो. प्रत्येक ग्लासाबद्दल तीनच गोष्टी लिहा: आंबटपणा किती, तुरटपणा किती, गिळल्यावर चव किती सेकंद टिकते. चामडं, तंबाखू, जांभळी फुलं असले शब्द नंतर गप्पांत खुशाल वापरा. शेवटी चारही ग्लासांचा आवडीप्रमाणे क्रम लावा. गुण देऊ नका. १९७६ च्या पॅरिसमधल्या गाजलेल्या चाचणीत २० पैकी गुण दिले होते, आणि अशा पद्धतीत सढळ हाताचा परीक्षक आणि कंजूष परीक्षक यांची सरासरी काढण्यात फारसा अर्थ उरत नाही. द्राक्ष ओळखण्याची पैजही नको. लोक चाखायचं सोडून परीक्षा द्यायला लागतात.

या फेरीत दोन-तीन घोटच घ्या, निम्मी वाइन ग्लासात राहू द्या. जेवण वाढलं की एक घास, एक घोट असं करत पुन्हा क्रम लावा. तो बहुधा बदलतो. मिठाने कडवटपणा कमी होतो, म्हणून उद्धट वाटलेली वाइन माणसाळते. आंबट पदार्थासोबत वाइन मऊ लागते, गोडासोबत तीच आंबट आणि पोकळ. तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची वाइन जाळते, तिथे बिचारी हलकी वाइन वर येते.

मग बुडं उलटी करा. आधी जुळी तपासा, बाटल्यांची नावं नंतर. पहिल्या फेरीत ज्याने जुळ्यांना पहिला आणि चौथा क्रमांक दिला, त्याच्या यादीवर त्या दिवशी विसंबू नका. ज्याचे जुळे शेजारी आले त्याने लगेच फुशारकी मारू नये, कारण डोळे मिटून क्रम लावला तरी निम्म्या वेळा ते शेजारी येतातच. सहांपैकी तिघांचं जमलं तर काही सिद्ध होत नाही. पाच किंवा सहा जणांचं जमलं तर टेबलाला फरक बहुधा खरंच कळतोय, आणि मग कोणती वाइन वर आली यावर भांडायला हरकत नाही.

तीन बाटल्या सहा जणांनी संपवल्या तर माणशी अर्धी बाटली होते. गाडी चालवणाऱ्याने घोट थुंकायचा. त्यासाठी झाकणाचं भांडं आधीच टेबलावर ठेवा, मागावं लागलं की लोक संकोचाने गिळतात. उरलेली वाइन छोट्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरून, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. लालसुद्धा. दोन-तीन दिवस ती पिण्यासारखी राहते.