गेम चिटिंग करत नाही: पोकेमॉनमधल्या स्पीडच्या या चुका टाळा

गणपतीत आमच्याकडे वीज असली तर नेटवर्क नसतं आणि नेटवर्क असलं तर वीज नसते. यंदा डोंबिवलीहून आलेल्या दोघा भाच्यांनी त्यावर उपाय काढला. दोन निन्टेंडो स्विच (हातात धरून खेळायचे गेम कन्सोल) चार्ज करून आणले आणि संध्याकाळची आरती ते रात्रीचं भजन एवढ्या वेळात पडवीत समोरासमोर बसून पोकेमॉनची लोकल, म्हणजे नेटशिवायची, बॅटल. तिसऱ्या दिवशी धाकट्याने आपला स्विच शेजारच्या वाडीतल्या पोराला दिला. पाच मिनिटांत तो पोरगा तावातावाने उभा. "गेम चिटिंग करता, काका! माजो गारचॉम्प फास्ट आसा, तरी ह्येचो चारिझार्ड आधी मारता!"

ही तक्रार मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मीच करत होतो. गेम चिटिंग करत नाही. आधी कोणाची पाळी हे ठरवण्याचा क्रम अगदी पक्का आहे. आपण मात्र त्यातली एकच गोष्ट, स्पीड, लक्षात ठेवतो आणि तीही अर्धवट.

बेस स्पीड पाहून गाफील राहणं

पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. यादीत गारचॉम्पचा बेस स्पीड १०२ आहे, चारिझार्डचा १००. पण बेस हा झाला जातीचा आकडा. हापूस म्हटला म्हणून पेटीतलं प्रत्येक फळ सारखं निघतं का?

मी त्याला गारचॉम्पचं समरी पान उघडायला लावलं. स्पीड १५४, नेचर (पोकेमॉनचा स्वभाव) ॲडमंट. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. बेसची दुप्पट करायची, त्यात आयव्ही, म्हणजे जन्मजात गुण, मिळवायचा (जास्तीत जास्त ३१), मग ईव्हीचा, म्हणजे सरावाने मिळवलेल्या गुणांचा, चौथा भाग (२५२ असतील तर ६३). गारचॉम्पसाठी २०४ अधिक ३१ अधिक ६३, म्हणजे २९८. लेव्हल ५० असल्यामुळे त्याचे निम्मे, १४९. त्यात ५ मिळवले की १५४. इथवर ठीक. शेवटी नेचर लागतो. जॉली किंवा टिमिड असेल तर दहा टक्के वाढ, ब्रेव्ह किंवा क्वाएटसारखा असेल तर दहा टक्के कपात. ॲडमंट अटॅक वाढवतो, स्पीडला हात लावत नाही. भाच्याचा चारिझार्ड टिमिड होता. त्याचा आकडा १५२ वरून १६७ वर गेला. १५४ विरुद्ध १६७, विषय संपला. आधीच अर्धमेला झालेला गारचॉम्प ड्रॅगन पल्सच्या एका हल्ल्यात आडवा झाला, यात गेमचा काय दोष?

तोच गारचॉम्प जॉली असता तर १६९. चारिझार्डपेक्षा फक्त दोनने जास्त, पण एवढं पुरतं. इथे दोनने पुढे असणं आणि ऐंशीने पुढे असणं यात आधी मारण्यापुरता काडीचाही फरक नाही. म्हणून स्नोरलॅक्ससारख्या ३० बेसवाल्याला २५२ ईव्ही स्पीडमध्ये देणं म्हणजे निव्वळ नासाडी. एकूण ईव्ही ५१० च मिळतात. ते त्याच्या जिवात घाला, बचावात घाला. आणि आकडे तंतोतंत सारखे निघाले, दोन्हीकडे जॉली गारचॉम्प १६९ वर, तर दर टर्नला नाणेफेक. मागच्या टर्नला तुम्ही आधी होतात म्हणून याही टर्नला असाल, असं धरून चालू नका.

स्पीडच्या वर प्रायॉरिटी असते हे विसरणं

कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. त्यामुळे आपली गाडी कितीही वेळेवर असो, समोरून मान असलेली गाडी येणार असेल तर आपण क्रॉसिंगला उभे. खिडकीतून कणेरीच्या झाडाकडे बघत बसायचं. वेगाचा प्रश्नच येत नाही, कोणाला आधी सोडायचं ते वर ठरलेलं असतं.

मूव्हचंही (म्हणजे पोकेमॉनच्या डावाचंही) तसंच. प्रत्येक मूव्हला प्रायॉरिटी असते. साध्या मूव्हची शून्य, क्विक अटॅकची अधिक १, एक्स्ट्रीम स्पीडची अधिक २, फेक आउटची अधिक ३, प्रोटेक्टची (फक्त बचावाची मूव्ह) अधिक ४. गेम आधी प्रायॉरिटी बघतो आणि ती सारखी असेल तरच स्पीडकडे वळतो. म्हणून १३२ स्पीडचा ड्रॅगोनाइट एक्स्ट्रीम स्पीड वापरून १६९ च्या गारचॉम्पच्या आधी मारतो, आणि गारचॉम्पवाला बोंबलतो. उलट्या बाजूलाही पायऱ्या आहेत. फोकस पंच उणे ३, ड्रॅगन टेल उणे ६. ड्रॅगन टेल लावलेल्या पोकेमॉनला स्पीडचे ईव्ही देणारे लोक मी पाहिलेत. हौसेला मोल नाही.

पोकेमॉन बदलणं या सगळ्याच्या आधी होतं. समोरच्याने स्विच केलं तर तुमचा एक्स्ट्रीम स्पीडसुद्धा नव्या आलेल्यावर पडणार. परस्यूट नावाची एक मूव्ह याला अपवाद होती, पण २०१९ च्या स्वोर्ड आणि शील्ड या गेमपासून ती खेळात नाही.

प्रायॉरिटी म्हणजे मात्र हमी नव्हे. मैदानावर सायकिक टेरेन (एक तात्पुरता परिणाम) असताना जमिनीवरच्या पोकेमॉनला प्रायॉरिटीची मूव्ह लागतच नाही. प्रँक्स्टर ॲबिलिटीमुळे (ॲबिलिटी म्हणजे पोकेमॉनचा अंगभूत गुण) आधी आलेली स्टेटस मूव्ह (थेट इजा न करणारी) डार्क प्रकारच्या पोकेमॉनवर चालत नाही. सकर पंच तर समोरचा हल्ला करणार नसेल तर फुकट जातो. धाकटा भाचा प्रोटेक्टवर तीनदा सकर पंच मारत बसला होता. त्याला कुणी सांगायलाही गेलं नाही.

ट्रिक रूममध्ये समोरच्याला हळू करणं

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ट्रिक रूम ही मूव्ह लागली की स्पीडचा क्रम उलटा होतो, हळू असलेला आधी. टॉरकोलचा बेस स्पीड २०. क्वाएट नेचर, आयव्ही शून्य, ईव्ही शून्य ठेवले तर लेव्हल ५० ला त्याचा स्पीड २२ येतो आणि ट्रिक रूममध्ये तो भल्याभल्यांच्या आधी उठतो. एकदा समोरच्याने असा टॉरकोल काढला आणि मी सवयीने त्याला स्टन स्पोअर मारून पॅरालाइझ केला. हात चालतात, डोकं चालत नाही. त्याचा स्पीड २२ चा ११ झाला, म्हणजे ट्रिक रूममध्ये तो आणखी वेगवान! पॅरालिसिसने चारातून एकदा त्याची पाळी चुकेल एवढीच काय ती आशा उरली, आणि ती पाळी काही चुकली नाही. स्वतःच्या बाजूला टेलविंड लावणंही तिथे असंच आत्मघाती, कारण तुमचा स्पीड दुप्पट होतो आणि तुम्ही रांगेत मागे जाता.

आणखी दोन गोष्टी. ट्रिक रूम पाच टर्न टिकते, पण लावलेली टर्न त्यात धरलेली असते, आणि ती उणे ७ प्रायॉरिटीची असल्यामुळे टर्नच्या शेवटीच लागते. हाती चारच राहतात. टेलविंडचेही चार टर्न लावलेल्या टर्नपासून मोजा. दुसरं, चालू ट्रिक रूममध्ये पुन्हा ट्रिक रूम वापरली तर ती वाढत नाही, बंद पडते. घाईत मुदत वाढवायला जाऊन दिवा विझवणारे बरेच. आणि ट्रिक रूम फक्त स्पीडचा क्रम उलटवते. फेक आउट तिथेही आधीच येतो.

पाऊस कोणाचा, ऊन कोणाचं

पावसाळी वेळापत्रक लागलं की आमच्या गाड्या हळू होतात. स्विफ्ट स्विम ॲबिलिटीवाल्यांचं उलट, पाऊस पडला की स्पीड दुप्पट. तसंच उन्हात क्लोरोफिल, वादळी वाळूत सँड रश. पाऊस पाच टर्नचा, पोकेमॉनने डॅम्प रॉक ही वस्तू धरली असेल तर आठचा.

इथली गंमत पुष्कळांना माहीत नसते. एकाचा पेलिपर (पाऊस आणणारा) आणि दुसऱ्याचा टॉरकोल (ऊन आणणारा) एकाच वेळी मैदानात उतरले तर शेवटी काय राहतं? ऊन. पेलिपर वेगवान, म्हणून त्याची ॲबिलिटी आधी चालते. मग टॉरकोलची चालते आणि पाऊस पुसून टाकते. हवामानाच्या भांडणात मागून येणारा जिंकतो. त्यामुळे पावसाची टीम घेऊन पेलिपरला वेगवान करत बसणं म्हणजे आपल्या हाताने आपल्यावर ऊन ओढवून घेणं.

जुनी माहिती आणि दुसऱ्या गेमची सवय

इंटरनेटवरचे अनेक जुने लेख सांगतात की पॅरालिसिसने स्पीड चौथाई होतो. २०१६ च्या सन आणि मूनपासून तो निम्माच होतो. डबल्समध्ये (दोन विरुद्ध दोन) टेलविंड लावलं तर जोडीदाराला फायदा पुढच्या टर्नपासून, हेही जुनं झालं. स्वोर्ड आणि शील्डपासून स्पीड टर्नच्या मधेच पुन्हा मोजला जातो, त्यामुळे जोडीदार त्याच टर्नला पुढे सरकू शकतो. लेख कोणत्या गेमसाठी लिहिलाय ते आधी बघा.

पोकेमॉन गो खेळून आलेल्यांना तर स्पीड हा आकडाच नवा असतो, तिथे तो नाही. समनर्स वॉरवाल्यांची अडचण वेगळी. तिथे स्पीडप्रमाणे अटॅक बार भरतो, वेगवान राक्षसाला पाळ्याच जास्त मिळतात, म्हणून प्रत्येक आकडा कामाचा. इथे स्पीड कितीही असो, एका टर्नला एकच पाळी.

पुढच्या वेळी "मी फास्ट होतो" असं वाटलं की ओरडण्याआधी मागे जा. कोणी स्विच केलं का? कोणती मूव्ह होती, प्रायॉरिटी किती? ट्रिक रूम चालू आहे का? टेलविंड, पॅरालिसिस, हवामान? समोरच्याने क्विक क्लॉ (पोकेमॉनने धरायची वस्तू) धरला होता का? (पाचातून एकदा तो लागतो, आणि लागला की स्क्रीनवर ओळ येते. ती वाचायची असते.) हे सगळं नाही म्हटल्यावर आकडे. आणि आकडेही जमत नसतील तर चॉइस स्कार्फ, तीही धरायची वस्तूच. तो स्पीड दीडपट करतो, पण त्याची ओळ स्क्रीनवर येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त फसवतो तोच.

चौथ्या दिवशी पोरगा आला तो गारचॉम्पला जॉली मिंट (नेचरचा परिणाम बदलणारी वस्तू) देऊनच. त्याचे गेममधले २०,००० धाकट्याच्या खात्यातून गेले, त्यावरून वेगळी भांडणं झाली. पुन्हा तोच सामना. या वेळी गारचॉम्पचा जीव पूर्ण, स्पीड १६९. तरी चारिझार्डचा ड्रॅगन पल्स आधी आला. गारचॉम्प कसाबसा उभा राहिला, त्याचा स्टोन एज हुकला. मी पोराच्या तोंडाकडे बघत होतो. तो ओरडला नाही. बोटं मोजली. "प्रायॉरिटी नाय, ट्रिक रूम नाय... चारिझार्ड १६७ च्या वर जाणा नाय." थोरल्या भाच्याचं हसू लपेना. "स्कार्फ असतलो," पोरगा म्हणाला.

स्कार्फ घातलेल्याला मैदानात असेपर्यंत एकच मूव्ह मारता येते, हे आदल्या रात्रीच मी त्याला सांगितलं होतं. त्याने गारचॉम्प मागे घेतला आणि सिल्विऑन काढला. सिल्विऑन फेअरी प्रकारचा, ड्रॅगन पल्स त्याला लागतच नाही. भाचा स्क्रीनकडे बघत बसला, आणि तेवढ्यात भजनी मंडळ अंगणात आलं.